गाडी घेण्याआधी पांदण मोजली

माझी मुलगी भैंशातल्या माझ्या आईला ‘आजी’ म्हणते आणि भालकीच्या माझ्या सासूबाईंना ‘अज्जी’. एका ‘ज’च्या जोरावर आमच्या घरातली भाषेची सीमा ठरते. या दोघींचे एकमत होईल असे विषय फार थोडे. पण २०२३च्या दिवाळीनंतर एका विषयावर दोघी ताबडतोब एक झाल्या. आई म्हणाली, “असली गाडी आपल्या दारात नको.” अज्जी म्हणाल्या, “ब्याड री, ब्याड!”

विषय होता रानवाटांवर फिरायच्या गाडीचा. त्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घाटमाथ्यावरच्या एका थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो. तिथे माळावर मातीचा रस्ता आखून, भाडे घेऊन चक्कर मारून आणणाऱ्या गाड्या होत्या. इंग्रजीत या गाडीला साइड-बाय-साइड म्हणतात. चालवणारा आणि सोबतचा माणूस शेजारी-शेजारी बसतात, म्हणून हे नाव. मोटारसायकलसारखे हँडल नाही, मोटारीसारखे स्टिअरिंग. वर पत्र्याचे छत नाही, लोखंडी नळ्यांचा पिंजरा. चाके जाड, स्प्रिंगा लांब, त्यामुळे खड्ड्यातून जाताना चाक खाली-वर होते आणि माणूस बऱ्यापैकी जागेवर राहतो. मुलीने हट्ट धरला. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. ती पुढे चालकाशेजारी बसली, मी मागे.

तिचे पाय खाली टेकत नव्हते. हे मला दिसले होते, पण त्याचा अर्थ कळला नव्हता. हेल्मेट मोठ्या माणसाचे होते, पट्टा होता पण ढिला. बाजूला जाळी लावायच्या कड्या होत्या, जाळी नव्हती. तिसऱ्या वळणावर चालवणाऱ्या पोराने वेग न कमी करता गाडी वळवली आणि एका बाजूची दोन्ही चाके उचलली गेली. गाडी पडली नाही, पुन्हा चारी चाकांवर आली. सगळे दोन-तीन सेकंदांत झाले. पण तेवढ्यात मुलीने काय केले, ते मी मागून पाहिले. पडताना आपण जमिनीवर हात टेकतो ना, तसा तिने हात बाहेर काढला. गाडी तेव्हा तशीच कलंडली असती, तर तो हात पिंजऱ्याच्या नळीखाली गेला असता. कोपराला थोडे खरचटले एवढ्यावर भागले. भैंशाला परत आल्यावर ही गोष्ट तिनेच दोन्ही आज्यांना रंगवून सांगितली आणि वर म्हणाली, “बाबा, तशी गाडी आपण शेतात आणू या!”

मी मराठीचा प्राध्यापक. गाड्यांतले मला काही कळत नाही, असे घरात सर्वमान्य आहे. पण तो बाहेर आलेला हात डोळ्यांपुढून जाईना, म्हणून वाचायला बसलो. तेव्हा समजले की हा प्रकार अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर घडून गेला आहे.

या गाड्या मुळात शेतकामाच्या. कावासाकी कंपनीची ‘म्यूल’ १९८८ साली आली, पोलारिसची ‘रेंजर’ १९९८ साली. चारा वाहा, कुंपणाचे खांब न्या, अशी त्यांची कामे. २००३ साली यामाहाने ‘रायनो’ आणली आणि लोक तीच गाडी घेऊन सुट्टीच्या दिवशी डोंगरात फिरायला निघाले. गाडी अरुंद, उंच आणि बाजूला दार नाही. वळणावर कलंडली की आतला माणूस हात नाहीतर पाय बाहेर काढे आणि तोच सापडे. २००७ साली कंपनीने दारे आणि धरायला जादा दांडे फुकट बसवून देण्याचे जाहीर केले. पण ३१ मार्च २००९ रोजी अमेरिकेच्या ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाने या गाडीबद्दल इशारा दिला, तेव्हा पन्नासहून अधिक घटना आणि ४६ मृत्यू नोंदले गेले होते. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक घटना गाडी कलंडण्याच्या होत्या. मग मागची चाके बाहेर सरकवून गाडी रुंद करणे, मागचा एक दांडा काढून टाकणे असे बदल कंपनीने करून दिले. हे वाचल्यावर माझ्या मुलीचे टांगते पाय मला पुन्हा दिसले. पाठ टेकवून बसल्यावर ज्याचे पाय खाली टेकत नाहीत, त्याने या गाडीत बसायचे नाही, ही त्या उद्योगाची अगदी प्राथमिक सूचना आहे. पाय टेकले तरच माणूस स्वतःला आत घट्ट धरून ठेवू शकतो.

इथे विषय संपायला हवा होता. पण भालकीचा माझा मेहुणा त्यात उतरला. त्याच्या उसाचे पैसे आले होते. “दाजी, भागीत घेऊ. निम्मे तुमचे, निम्मे माझे. सहा महिने तुमच्याकडे, सहा महिने माझ्याकडे.” माझा एक चुलतभाऊ अमेरिकेत मिशिगन राज्यात असतो, त्यानेही तिकडून फोटो पाठवायला सुरुवात केली. आणि त्याच्या एका फोटोने आम्ही सगळेच चक्रावलो. फोटोत जीप होती. आपल्या बसस्टँडबाहेर ‘मुधोळ-बासर, मुधोळ-बासर’ ओरडत उभी असायची, तशीच जीप! खाली लिहिले होते, “इथे हिला साइड-बाय-साइड म्हणतात.”

ही ‘रॉक्सर’. महिंद्राने २०१८ साली अमेरिकेत काढलेली गाडी. सुटे भाग भारतातून जायचे आणि डेट्रॉईटजवळच्या ऑबर्न हिल्स गावात जुळणी व्हायची. अडीच लिटरचे डिझेल इंजिन, ६२ अश्वशक्ती, पाच गिअर, लोखंडी अंग आणि वेग ताशी ४५ मैलांवर बांधून ठेवलेला. महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली ती १९४०च्या दशकाच्या अखेरीस. त्याच जीपचा वंश सत्तर वर्षांनी परत अमेरिकेत गेला. तिथे जीपचे नाव ज्यांच्याकडे आहे त्या फियाट क्रायस्लर कंपनीने ‘ही तर आमच्याच जीपची नक्कल’ म्हणून तक्रार केली, २०२० साली निकाल महिंद्राच्या विरोधात गेला आणि गाडीचे तोंड बदलावे लागले. गंमत पुढेच आहे. आपल्याकडे ज्या जीपमधून वऱ्हाडे गेली, ती अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हमरस्त्यावर आणता येत नाही. रानातली गाडी म्हणूनच ती विकली गेली. आणि तिकडची खरी साइड-बाय-साइड आपल्याकडे आणली, तर तिला नंबर प्लेट मिळत नाही.

मोटार वाहन कायद्याखाली रस्त्यावर येणाऱ्या गाडीची नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी ती गाडी ठरलेल्या प्रकारात बसून तपासणीत पास झालेली असावी लागते. पोलारिस कंपनी २०११पासून भारतात आहे, तिच्या गाड्या मिळतात. पण त्या खाजगी आवारात, आखलेल्या मैदानात चालवायच्या. २०२१मध्ये या कंपनीने ट्रॅक्टर म्हणून नोंदवता येईल अशी एक गाडी आणली, पण ती हँडलवाली, शेजारी-शेजारी बसायची नव्हे. आमचे शेत मुधोळच्या बाजूला, घरापासून बारा किलोमीटर, आणि त्यातले दहा डांबरी. म्हणजे साइड-बाय-साइड घेतली तर ती शेतात न्यायला ट्रॉली हवी, ट्रॉली ओढायला दुसरी गाडी हवी. मेहुण्याच्या सहा-सहा महिन्यांच्या हिशेबात तर ती तीन राज्यांतून ट्रॉलीवर फिरणार! कारण भालकीला जायचे तर वाटेत महाराष्ट्र लागतोच. ज्यांची शंभर एकरांची एकसलग जमीन आहे, किंवा ज्यांना पर्यटकांसाठी असा धंदा काढायचा आहे, त्यांनी ही गाडी जरूर पाहावी. नोकरदार कुटुंबाला ती परवडली तरी पुरत नाही.

मधल्या काळात एक प्रयोग मात्र आपल्यासारख्यांसाठी झाला होता. आयशर आणि पोलारिस या दोन कंपन्यांनी मिळून जून २०१५मध्ये ‘मल्टिक्स’ नावाची गाडी काढली. जयपूरजवळ कारखाना. नंबर मिळायचा, पाच माणसे बसायची, मागच्या सीटा काढल्या की माल भरायचा, आणि गाडीच्या इंजिनावर घरातले दिवे किंवा पाण्याचा पंप चालवायची सोय होती. कल्पना चांगली होती. पण लोकांनी ती उचलली नाही आणि २०१८ साली उद्योग बंद झाला. जुनी मल्टिक्स स्वस्तात मिळते म्हणून कुणी मोहात पडत असेल तर सुटे भाग कुठून आणणार, ते आधी पाहावे. शिवाय चारी चाकांना ताकद नाही, ही आपल्या मातीत मोठी उणीव.

आता आपल्या मातीविषयी. भैंशाकडची, नांदेड-देगलूरकडची माती म्हणजे रेगड. कापसाला सोने, चाकाला वैरी. या मातीतले चिकणकण पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल्या रेगडीत टायरच्या खाचा भरून जातात, मग जाड नक्षीचे टायरही केळ्याच्या सालीसारखे गुळगुळीत होतात. इथे इंजिनाच्या ताकदीचा उपयोग कमी. ताकद जास्त लावली की गाडी स्वतःची कबर खणते. हलकी गाडी, बारीक गिअर आणि हवा थोडी कमी केलेले टायर, या तीन गोष्टींवर ती निघते. हवा कमी केली की टायर पसरतो आणि वजन जास्त जागेवर वाटले जाते. मात्र डांबरीवर यायच्या आत पुन्हा भरावी लागते, म्हणून हवा भरायचा छोटा पंप गाडीतच हवा. ‘बारीक गिअर’ म्हणजे ज्याला फोर-लो म्हणतात तो. त्यात गाडी माणसाच्या चालीने चढते आणि उतारावर ब्रेक न दाबताही इंजिन तिला धरून ठेवते. माझ्यासारख्या भित्र्या चालकाला हा गिअर देवासारखा.

गाड्यांची चर्चा महिनाभर चालली. मुलगा थारचा भक्त. २०२०मध्ये आलेल्या नव्या थारला ग्लोबल एनसीएपीच्या धडक-चाचणीत मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठी चार तारे मिळाले आहेत, हे त्याला पाठ. मेहुण्याचा जीव फोर्सच्या गुरखावर, कारण तिच्यात पुढची आणि मागची अशी दोन्ही डिफरन्शियल लॉक करता येतात. म्हणजे एक चाक हवेत अधांतरी फिरत असले तरी दुसऱ्याला ताकद मिळतेच. अगदी अवघड जागी जाणाऱ्याने तीच घ्यावी. आम्ही काही डोंगर चढणार नव्हतो. थार पाहायला जाणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना: जानेवारी २०२३पासून थार फक्त मागची चाके चालणाऱ्या प्रकारातही मिळते. दिसायला तीच, किंमत कमी. विकणारा ‘थार आहे’ एवढेच सांगतो, म्हणून आत बसून गिअरशेजारी फोर-बाय-फोरचा दुसरा दांडा आहे की नाही ते बघावे.

मग एका रविवारी मुलगी म्हणाली, “बाबा, गाडी मावेल का पण पांदणीत?” एम.ए. होऊन, वीस वर्षे शिकवून मला जे सुचले नव्हते ते हिला सुचले. तिने कुठे तरी वाचले होते की पोलारिसने २००७ साली काढलेली ‘रेझर’ मुद्दाम पन्नास इंच रुंदीची ठेवली, कारण अमेरिकेतल्या जंगलातल्या कितीतरी वाटा तेवढ्याच रुंदीच्या गाड्यांना खुल्या आहेत. तिकडे वाटेवरून गाडी ठरते. आम्ही सुतळी आणि शिंप्याची टेप घेऊन निघालो. आमची पांदण म्हणजे दोन्ही बाजूंना बाभळी, एका बाजूला ओढा. बैलगाडी जाते, छोटा ट्रॅक्टर कसाबसा जातो. सर्वांत अरुंद जागा निघाली एका जुन्या दगडी बांधापाशी, साडेसहा फूट. थार जवळजवळ सहा फूट रुंद, आणि त्यात आरसे धरलेले नाहीत. दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटे उरतात म्हणा ना. मारुतीची जिम्नी १६४५ मिलीमीटर, म्हणजे पाच फूट पाच इंच. जुनी जिप्सी तर त्याहून कमी. मुलाचा चेहरा पडला, पण टेपपुढे काय बोलणार?

जिप्सीचा विचार मी मनापासून केला. १९८५ साली आलेली, टनभर वजनाची, ताडोब्यात पर्यटकांना घेऊन हिंडलेली ती गाडी माझ्या पिढीचे स्वप्न होते. पण मागची बाके आडवी, समोरासमोर. मुले तिथेच बसणार. मेहुण्याच्या मित्राची एक जुनी जीप भालकीत विकायला होती, तिचीही तीच गत. वर तिला मोठे टायर, नवा बंपर, वेगळे इंजिन. मंडी डबवालीहून आणली म्हणून तो अभिमानाने सांगत होता. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत गाडीमालकाला मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. अशी जीप कर्नाटकातून तेलंगणात आणून नावावर करायची म्हणजे प्रत्येक टेबलावर तिच्या टायरांचे स्पष्टीकरण द्यायचे. मेहुणा नाराज झाला. पण मला चार सीटा हव्या होत्या, चारही पुढे तोंड केलेल्या, प्रत्येकीला खांद्यावरून येणारा पट्टा. ते एकदा ठरले आणि निवड जवळपास आपोआप झाली.

जिम्नी २०२३च्या जूनमध्ये आली तेव्हा तिची किंमत पावणेतेरा लाखांपासून सुरू होत होती. फोर-बाय-फोर आणि बारीक गिअर सगळ्याच प्रकारांत, सहा एअरबॅग, वजन सुमारे बाराशे किलो. थार पावणेदोन टनाच्या घरात. उणे बाजू म्हणजे मागे सामानाला जागा फारच थोडी. चार माणसे आणि डब्याची पिशवी, बस. नवी घेणे जमण्यासारखे नव्हते. नांदेडमध्ये दोन वर्षे वापरलेली एक मिळाली आणि २०२५च्या उन्हाळ्यात आम्ही ती घेतली. मेहुण्याने निम्मे दिलेच.

सीमेवरच्या वाचकांसाठी कागदांचे थोडे सांगतो, कारण आपण सगळेच या राज्यातून त्या राज्यात नातेवाइकांच्या गाड्या घेत असतो. एमएच-२६ची गाडी तशीच भैंशात वर्षानुवर्षे चालवता येत नाही. बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवायची असेल तर तिथे नवा नंबर घ्यावा लागतो. आधी मूळ आरटीओकडून २८ नंबरच्या फॉर्मवर ना-हरकत दाखला, कर्ज असेल तर बँकेची संमती, मग इथे येऊन २७ नंबरचा फॉर्म, आणि मालकी बदलली म्हणून २९ आणि ३०. आयुष्यभराचा कर इथे नव्याने भरावा लागतो, आणि तिकडे भरलेल्यातला उरलेल्या वर्षांचा परतावा मागावा लागतो. परतावा मूळ मालकाच्या नावाने निघतो, म्हणून व्यवहार करतानाच त्याच्याकडून लिहून घ्यावे. मी घेतले नाही. तो माणूस भला निघाला म्हणून बरे. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे ही योजना याच फॉर्मांपुढे कोसळली. गाडी भैंशात टीजी-१८ म्हणून राहते आणि मेहुणा सुट्टीत इकडे येतो. एकोणीसशे छप्पनमध्ये मुधोळ तालुका नांदेडमधून आदिलाबादेत गेला आणि किनवट तिकडून नांदेडात आला, तेव्हा माणसांना फॉर्म भरावे लागले नव्हते, एवढेच.

पहिल्या पावसात मी ती रुतवली. चुकून नव्हे, हौसेने. रात्री चांगला पाऊस झाला होता, मुले मागे, मी फोर-लो टाकून पांदणीत शिरलो. शंभर पावलांवर चाके भरली आणि गाडी ओढ्याकडे सरकायला लागली, सावकाश, अगदी आरामात. पट्टे घट्ट होते, मुलीचे पाय आता टेकतात, काचा वर होत्या. कुणाला काही झाले नाही. मी पाय ब्रेकवरून काढून नुसता बसलो आणि गाडी एका बाभळीला टेकून थांबली. शेजारच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणून आम्हाला ओढून काढले. दोरी सोडताना तो काही बोलला नाही. पंधरा दिवसांनी मात्र बोलला. माझ्या चाकांनी पाडलेल्या फूटभर खोल चाकोऱ्या उन्हात दगडासारख्या वाळल्या होत्या आणि त्याच्या बैलाचा पाय तिथे मुरगळला होता. “सर, तुमची एका दिवसाची मजा होते. मला रोज जायचंय इथून.”

मी आणि मुलाने दोन रविवार फावड्याने त्या चाकोऱ्या बुजवल्या. कुठली गाडी घ्यावी यावर मी महिनाभर वाचले होते; पण ती कुठल्या वाटेने, कधी न्यावी हे कुठल्याच माहितीपत्रकात नव्हते. कवालचे जंगल २०१२पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे आपली गाडी घालता येत नाही हे सगळ्यांना कळते. पांदण कुणाची, हे मात्र आपण विचारत नाही. आता पाऊस झाला की तीन-चार दिवस आम्ही फक्त डांबरीने जातो, गड्डेन्ना-सुद्दवागू धरणापर्यंत नाहीतर बासरला. वागूवरच्या पुलावरून पाणी वाहत असेल तर परत फिरतो. जुलै २०२१मध्ये भैंशात घराघरांत पाणी शिरलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे सांगायला नको.

कोरड्या दिवसांत मात्र मजा येते. गेल्या संक्रांतीला तुरीच्या शेंगा आणायला दोन्ही आज्या एकदमच बसल्या. आई मागे, अज्जी पुढे, कारण त्यांचे गुडघे. पट्टा लावून घेतल्यावर त्यांनी पाय टेकतात का ते स्वतःच पाहिले. नातीने शिकवून ठेवले होते. पांदणीत वळताना त्या म्हणाल्या, “निधान होगरी, जावईबापू.” मागून आई म्हणाली, “सावकाश.” मी बैलगाडीच्या मागे होतो आणि बैलगाडीला वाट सोडायला जागा नव्हती, त्यामुळे सावकाश जाण्यावाचून दुसरा इलाजही नव्हता.

ट्रॅक्टरवाल्या शेजाऱ्याशी आता बरे आहे. पाऊस झाला की मीच त्याला फोन करतो, पांदण वाळली का म्हणून. परवा विचारले तर म्हणाला, “सर, अजून बैलाचे खूर रुततायत. तुम्ही आपले दसऱ्यानंतर या.”